गढीच्या फोटोतला बन्सी

तसा नाही ताई, उलटा धरलाय तुम्ही. फिरवा — हां, आता बुरूज वर आले. जुन्या फोटोंचं असंच होतं, कडा पिवळ्या पडल्या की आभाळ कुठलं न् माती कुठली कळत नाही. तुमची पुण्याची संस्था हे सगळे मांडणार म्हणता ना प्रदर्शनात, मग ओळीनंच बघा, मधूनच उचलू नका. हा पहिला, त्रेपन्न सालचा. पाठीमागं पेन्सिलनं लिहिलंय, 'दसरा, धामणगव्हाण' — अक्षर वडलांचं. आदिनाथ फोटो स्टुडिओ म्हणजे तेच, आदिनाथ माझे वडील, मी सहादेव, पाटी अजून त्यांच्याच नावाची ठेवलीय. पारनेरात त्या वेळी कॅमेरा म्हणाल तर हा एकच. तर धामणगव्हाणच्या आबासाहेब जहागीरदारांना नाद लागला — दर दसऱ्याला सकाळी सगळं खानदान गढीच्या दरवाजापुढं उभं करायचं न् फोटो घ्यायचा, आणि दर वर्षी एकाच जागेवरून. जागा चुकू नये म्हणून समोरच्या लिंबाखाली चपटा दगड पुरून घेतला, त्याच्यावर कॅमेऱ्याचं स्टँड. म्हणून तर तुम्हाला हे फोटो पाहिजेत, नाही का? जागा तीच, उजेड तोच, आणि समोरचं तेवढं कमी कमी होत जाणारं. मोजा बरं माणसं. मी मोजलीत, एक्केचाळीस. चार बुरूज, दरवाजावर नगारखाना, डावीकडं घोडा — घोडा हलला म्हणून त्याला दोन तोंडं आलीत बघा. वडील म्हणायचे, आबासाहेबांना तो घोडा तसाच आवडला, दुसरा फोटो घेऊ दिला नाही.

आता हा बासष्टचा. घोडा नाही. माणसं अठ्ठावीस. कुळकायदा येऊन गेला, सीलिंग येऊन गेलं, जमिनी ज्याच्या त्याला गेल्या — ते बरंच झालं म्हणा, कसणाऱ्याला मिळाल्या, आमच्या मामाला मिळाली त्यात दीड एकर — पण गढीला सवय हुजऱ्यांची न् बैलगाड्यांची, ती एकदम बंद पडली. हा अडुसष्टचा, नगारखान्याचं छप्पर गेलं. गढी म्हणजे कशी, खालचा निम्मा भाग घडीव दगडाचा आणि वरचा सगळा पांढऱ्या मातीचा, दहा-दहा फूट जाडीचा. वर छप्पर आहे तोवर त्या मातीला दोनशे वर्षं काही होत नाही. छप्पर गेलं की पाणी आत शिरतं, आणि आत शिरलेलं पाणी बाहेरून दिसत नाही. हे ध्यानात ठेवा. हा बहात्तरचा, दुष्काळातला. ह्यात आबासाहेब पुढं नाहीत, बघा, मागं उभे आहेत, आणि पुढं पाट्या घेतलेल्या बाया. तलावाचं काम चाललं होतं शेजारी, त्या बाया फोटो बघायला आल्या, तर आबासाहेब म्हणाले, यंदा ह्यांचा काढा. त्याच साली गढीतलं शेवटचं पेव उघडलं. जमिनीतलं पेव, धान्याचं, किती वर्षं बंद होतं कुणाला माहीत. आत जोंधळा निघाला तो काळा पडलेला. तरी लोकांनी नेला. वाईट नव्हता माणूस, आबासाहेब.

चौऱ्याहत्तरला वडील वारले आणि दसऱ्याला मी गेलो. बावीस वर्षांचा होतो. आबासाहेब खुर्चीत बसलेले, मला वरखाली बघितलं, म्हणाले, "आदिनाथाचा का? जागा माहितीय?" म्हणलं, "दगडावर." मान हलवली. बास, एवढंच बोलणं. माझ्या पहिल्या फोटोत सतरा माणसं आहेत. मग थोरले चिरंजीव पुण्याला गेले, धाकटे सुरतेला, सुना-नातवंडं त्यांच्या मागं. दर दसऱ्याला दोघं-तिघं कमी. हा एकोणऐंशीचा, दरवाजाच नाही — खिळ्याखिळ्यांचा सागवानी दरवाजा, हत्तीनं ढकलला तरी हलणार नाही असा, तो मुलांनी उतरवून नेला. कुठल्याशा हॉटेलाला लावलाय म्हणतात. आबासाहेब त्या मोकळ्या कमानीत उभे राहिले आणि मला म्हणाले, "दार आहे असं दिसावं, तसं काढता येईल का?" म्हणलं, "नाहीच ना ते, दिसेल कसं?" आणि मग माझं मलाच लागलं. ह्या फोटोत त्यांनी डोळे मिटलेत, ते मुद्दाम मिटलेत का पापणी पडली, मला आजतागायत कळलं नाही.

सावली? कुठली? — दाखवा. हां. ही होय. तुमची नजर तयार आहे ताई, इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. ही माझी सावली नाही, मी दगडापाशी, माझी सावली मागं पडते. ही बन्सीची. बन्सी म्हणजे गढीचा राखणदार — बाप, आजा, पणजा, सगळे गढीच्या राखणीला. आबासाहेबांचा दंडक असा की फोटोत फक्त घरचे. चाकरमाणूस चौकटीच्या बाहेर. तर बन्सी बाहेर उभा राहायचा, अगदी कडेला, हातात पांढरा पत्रा धरून — सकाळचं ऊन आबासाहेबांच्या तोंडावर पाडायचं काम त्याचं. वडलांच्या वेळेपासनं तेरा वर्षं उजेड धरला त्यानं, आणि सगळ्या फोटोंत मिळून एवढी सावली आलीय, ती पण एकाच. मी त्याला म्हणायचो, "बन्सी, ये की एकदा आत, तुझा एकट्याचा काढतो." तो हसायचा. "माझा कशाला, दादा? मला काय माझं तोंड ठाव न्हाई व्हय?" असा होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी गेलो की माझी पेटी उचलायची, स्टँड उचलायचं, आणि घरी नेऊन चहा. त्याची बायको भागूबाई, नवीन लग्न होतं तेव्हा, चुलीपाशी बसून माझ्याकडं बघायची पण नाही.

चौऱ्याऐंशीचा हा. आबासाहेब एकटे. खुर्ची, ते, आणि मागं दीड बुरूज. त्याच वर्षी पौषात गेले. संपली ओळ. तुमचं काम झालं, नाही का? मधले काही वाळवीनं खाल्ले, एकोणीस उरलेत, सगळे घेऊन जा, स्कॅन करा, परत करा नाही केले तरी —

शहाऐंशीचं पाकीट मोकळं आहे. हो, तारीख आहे वर, पण मोकळं आहे. आत काही नाही. ते दसऱ्याचं नाही, ते वकिलाचं काम होतं.

बसा. बसा ताई, चहा यायचाय अजून. सांगतो. कुणाला तरी सांगितलंच आहे, आता तुम्हाला सांगितलं म्हणून काय. दोघा भावांची वाटणी कोर्टात गेली. थोरल्याच्या वकिलानं मला बोलावलं, म्हणाला, गढीच्या प्रत्येक भिंतीचा फोटो पाहिजे, आणि उंची कळायला पाहिजे, शेजारी काठी धरून माणूस उभा करा. मी दहा फुटी कळक घेतला, फुटाफुटावर तांबडे-पांढरे पट्टे रंगवले, स्वतः रंगवले. दसरा होऊन आठ दिवस झालते. आधी चार दिवस परतीचा पाऊस झोडपून गेलता, त्या दिवशी उघडीप होती, पण ऊन नव्हतं, ढगाळ. बन्सीला आदल्या दिवशी निरोप दिला होता — कुदळ न् कोयता घेऊन ये, भिंतीला घाणेरी लई वाढलीय, ती काढावी लागंल. कुदळ मी सांगितली होती. हे ध्यानात ठेवा, कुदळ मी सांगितली.

सकाळपासनं तीन भिंती केल्या. तो झुडपं काढायचा, मग कुदळ बाजूला टेकवायची, कळक धरून उभं राहायचं, मी फोटो घ्यायचा. मायंदाळ हसला त्या दिवशी. म्हणाला, "दादा, आबासाब असते तर मला चौकटीत शिरू दिलं असतं का?" दुपारच्या पुढं मागच्या बुरुजापाशी गेलो. बुरूज लई उंच, माझ्या चौकटीत मावंना. मी मागं मागं सरकत बांधापर्यंत गेलो, तरी वरचा तुकडा कटायचा. मग म्हणलं त्याला, तूच भिंतीला चिकट, म्हणजे माप तरी खरं दिसंल. दोन पावलं मागं. तो सरकला. म्हणाला, "दादा, हितं माती गळतीय वरनं." म्हणलं, "गळती ती रोजच गळती. अजून एक पाऊल." सरकला. उजेड कमी, म्हणून मी शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवणार होतो, तर म्हणलं, "आता हलू नको." तो म्हणाला — हे मी कुणालाच नव्हतं सांगितलेलं — तो म्हणाला, "दादा, आवाज येतुया." आणि मी म्हणलं, "हलू नको."

तो हलला नाही ताई. फोटो बघितलात तर दिसंल, एवढा वेळ उघडं असून त्याच्या तोंडाची रेघ न् रेघ स्वच्छ आलीय. माणूस इतका स्थिर उभा राहत नाही. मी म्हणलं म्हणून राहिला.

मी रीळ पुढं सरकवायला खाली बघितलं. एवढाच वेळ. आवाज मोठा नाही झाला, तुम्हाला वाटेल मोठा झाला असेल — पोतं टाकल्यासारखा झाला, आणि मग धुरळा. धुरळा कसला, ओली माती ती, वाफ निघाल्यागत काहीतरी. निवळलं तेव्हा बुरूज निम्मा होता आणि त्याच्या पुढं टेकाड. आसपास कुणी नाही, सगळं गाव बाजरीच्या काढणीला. मी धावलो. नाही — आधी स्टँड मिटलं. आधी स्टँड मिटलं, कॅमेरा पिशवीत घातला, मग धावलो. हातानं उकरलं थोडं. वरनं परत माती सुटली तसा मागं आलो. ती हाक ऐकून मी परत —

नाही. हाक नाही. मातीचा आवाज होता. ओली माती बसते तसा आवाज येतो, ढेकळं एकमेकांवर बसतात. डॉक्टर पण म्हणाले होते नंतर, जागेवरच गेला असणार. असणार म्हणाले. मी ते धरून बसलोय एकोणचाळीस वर्षं, जागेवरच गेला.

गावात न जाता मी गाडीवाटेनं थेट पारनेरला आलो. का आलो? लग्न झालेलं, पोरगी तीन महिन्यांची, घरी आई. वाटलं, मला धरतील. वाटलं, कुणीतरी बघंलच की. सांजच्याला शेळ्यावाल्यानं बघितलं, माणसं गोळा झाली, उकरलं. सापडला तो कुदळीसकट. कळकाचे तुकडे झालते, ते मातीबरोबर फेकले, कोण बघतंय. पण कुदळ सगळ्यांनी बघितली. आणि आसाराम म्हणून एक होता गावात, पाराचा पुढारी, तो कुदळ हातात घेऊन म्हणाला, "धन खणत हुता. गढीनं घेतला." झालं. गढीखाली जहागीरदारांचं सोनं आहे हे गावात पोरासोरांना माहीत, नसलेलं सोनं सगळ्यांना माहीत असतं. राखणदारच चोर निघाला. आबासाहेब जाऊन दोन वर्षं होत नाहीत तर ह्यानं कुदळ घातली. ज्याची तीन पिढ्यांची राखण, त्याच्या मातीला खांदा द्यायला चार माणसं जमंनात म्हणे. मला कुणी काही विचारलंच नाही. वकिलाला म्हणलं, सकाळी तीन भिंती केल्या न् आलो निघून. ते फोटो दिले. चौथा धुतला, इथंच, मागच्या अंधाऱ्या खोलीत. कागद औषधाच्या पाण्यात टाकला, आणि आधी कळक आला, मग टेकवलेली कुदळ, मग तो. किंचित हसतोय.

तीन महिन्यांनी भागूबाई आली. तुम्ही बसलाय ना, तिथंच उभी राहिली, बस म्हणलं तरी बसली नाही. कडेवर पोरगं, वर्ष-दीड वर्षाचं. म्हणाली, "दादा, तुमी गढीचे फोटू काढता. त्यात आमचे मालक कुटं आले असतील तर द्या. कोपऱ्यात आले असले तरी चालंल. ह्याला बाप दावायला काय बी न्हाई माज्याकडं." ह्या टेबलाच्या खणात होता तो फोटो. हा खण. माझा गुडघा लागत होता खणाला. मी म्हणलं, "वहिनी, आबासाहेब चाकरमाणसांना फोटोत घेत नव्हते." ती म्हणाली, "व्हय, ते ठावं हाय मला." आणि मग जाता जाता दारात थांबून म्हणाली, "दादा, तुमाला तर ते ठावं हुते. ते खणत हुते का वो?" मी म्हणलं, "मी नव्हतो वहिनी तिथं."

तिनं मान हलवली आणि गेली. गाव सोडलं त्याच उन्हाळ्यात, लोक टिकू देईनात. नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत गेली, तिथं वर्कशॉपमध्ये झाडलोट करायची, एवढं कानावर आलं. मी दसरे मोजायचे सोडून दिले. पण गढीला जायचो, वर्षातनं एकदा, दगडावर उभं राहून एक फोटो. ते ह्या दुसऱ्या डब्यात. त्यात माणसं नाहीत, मोजायचा त्रास नाही. लोक पांढरी माती घेऊन जायचे गाडीनं, शेताला, घराच्या धाब्याला. मग दोन वर्षांखाली रस्त्याच्या भरावाला जेसीबी आला, तीन दिवसांत उरलासुरला बुरूज गेला. मी उभा होतो. खालच्या दगडापर्यंत खणलं त्यांनी, सोनं सोडा, फुटका घडा निघाला नाही. ड्रायव्हर परप्रांतातला, त्याला गोष्टच माहीत नव्हती, तो आपला मजेत माती उचलत होता. आणि मला वाटलं, आता गढी पण नाही, आबासाहेब नाहीत, आसाराम जाऊन बारा वर्षं झाली, माझी बायको गेली, पोरगी तिच्या घरी. आता भ्यायचं कुणाला?

पत्ता काढायला चार महिने लागले. गेल्या दिवाळीनंतर गेलो. नागापूरला कंपन्यांच्या मागं वस्ती आहे, दोन खोल्या, पत्र्याचं पण नीटनेटकं घर. पोरगा वैजनाथ, ते कडेवरचं, आता चाळिशीचा, लेथवर आहे, कामावर गेलता. सून पाणी देऊन शेजारी गेली. भागूबाई साठीच्या पुढची, पण ओळखलं मला. "पारनेरचे दादा न्हवं?" म्हणाली. मी बसलो आणि समोर भिंतीवर फोटो. हार घातलेला, खाली नाव, कै. बन्सी. आणि माणूस भलताच. ताई, तो बन्सी नव्हता. नाक वेगळं, कपाळ वेगळं, डोक्याला फेटा — बन्सीनं जन्मात फेटा बांधला नाही. ती म्हणाली, "वैजूच्या लग्नात मांडवात ठेवाया फोटू पायजे हुता. नगरच्या पेंटरला सांगितलं, दिराचं नाक घ्या, पोराचं कपाळ घ्या. त्यानं काडून दिला. फेटा त्यानंच घातला, म्हनला शोभून दिसंल." आणि म्हणाली, "तसं जमलं न्हाई. पर नातवंडं पाया पडत्यात. पडायला काय तरी पायजे."

मी पिशवीतनं पाकीट काढलं. काय बोलायचं ते पन्नास वेळा घोकलं होतं, ते सोडून नुसता फोटो काढला. दिला हातात. तिनं खिडकीपाशी नेला. मी तिच्या पाठीकडं बघत होतो. मग म्हणाली, "हे ते हायेत." मग बोटानं कळक दाखवला, "हे काय धरलंय?" म्हणलं, "माप आहे, माझं." "आनि ही कुदळ?" म्हणलं, "झुडपं काढायला मी आणायला सांगितली होती." आणि मग म्हणाली, "म्हंजे उभे हुते." मी हो म्हणलं. "खणत न्हवते." नाही म्हणलं. "उभे हुते," परत म्हणाली, आणि परत, स्वतःशीच, चार-पाच वेळा. मग मी सगळं सांगितलं. दोन पावलं मागं, अजून एक, हलू नको. सगळं म्हणजे — ते मातीच्या आवाजाचं सोडून.

रडली? नाही. शिव्या? त्या पण नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बसली खाली, फोटो मांडीवर, आणि म्हणाली, "दादा, मी एकली म्हनत हुते ते खणत न्हवते. मग मला बी वाटाया लागलं, खणत असतील. माज्यासाठी, पोरासाठी. धा वर्सं मी त्यांच्यावर राग धरला." एवढं बोलून डोळे मिटले. मग म्हणाली, "गावात सांगा. मारुतीपुढं, चार मानसांत. मला दुसरं काय बी नको तुमच्याकनं." मी म्हणलं सांगतो. तेवढ्यात पोराची गाडी वाजली बाहेर. तिनं फोटो पदराखाली घेतला. त्याला म्हणाली, "गावाकडचे पावणे हायेत." जाताना मी विचारलं, भिंतीवरचा बदलणार का? म्हणाली, "आदी गावात सांगा. मग लावीन." निगेटिव्ह पण तिलाच देऊन आलो, म्हणून ते पाकीट मोकळं.

गेलो मी गावात. माघार घेतली नाही, सांगतो तुम्हाला. शनिवार बघून गेलो, मारुतीला गर्दी असते म्हणून. म्हातारं म्हणावं असं एक माणूस पारावर नाही. सगळी पंचवीस-तिशीची पोरं, मोबाईल घेऊन बसलेली. मी उभा राहिलो. म्हणलं, मला एक सांगायचंय, बन्सी राखणदाराबद्दल. "कोण बन्सी?" एक जण म्हणाला. कुणालाच माहीत नव्हता ताई. कोण बन्सी, कसला डाग, काही नाही. चाळीस वर्षांत गाव सगळं विसरून गेलं होतं, ती एकटी घेऊन बसली होती नागापूरला. मी तिथंच गप्प बसायला पाहिजे होतं. पण कबूल केलं होतं, आणि तोंड उघडलं होतं. सगळं सांगितलं, गढीचं, कुदळीचं, लोक म्हणायचे धन खणत होता ते खोटं, तो उभा होता, मी उभा केला होता. पोरांनी ऐकलं, अगदी मन लावून. आणि संपल्यावर एक जण पुढं सरकला, चांगलं शिकलेलं पोरगं, म्हणाला, "पण काका, धन नक्की कुठल्या बुरुजाखाली म्हणायचे?" दुसरा म्हणाला, "राखणदाराला म्हाईत असनारच की वो. उगं कुदळ आननार हाय का मानूस?"

म्हणलं, अरे कुदळ मी — पण ते आपापसात बोलायला लागले होते. पंधरा दिवसांनी मी परत गेलो तर मागच्या बुरुजाच्या जागेवर चार खड्डे, कंबरभर खोल, लिंबू, गुलाल. मी पुसायला गेलो ते मीच परत लिहून आलो. आता त्या पोरांच्या पोरांना पण माहीत होणार, बन्सी राखणदार धनापायी गेला.

आणि भागूबाईचा फोन आला, वैजनाथच्या मोबाईलवरनं. "सांगितलं का, दादा?" म्हणलं, सांगितलं. "काय म्हनली मानसं?" काय सांगायचं होतं मी तिला? तुम्ही काय सांगितलं असतं? म्हणलं, सगळ्यांना पटलं. म्हणाले, देवमाणूस होता, आमचं चुकलं. ती म्हणाली, "कोन कोन हुतं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आसाराम होता. तिला एकच नाव ऐकायचं होतं ना, तेच माझ्या तोंडी आलं. "आसाराम तात्या? हायेत अजून? काय म्हनले?" म्हणलं, रडले. म्हणाले, वहिनीला सांगा, माफ करा. तिकडून नुसतं, "बरं."

परवा पुन्हा फोन, पोराचा. त्याला तिनं आता सगळं सांगितलंय, भिंतीवर पण तो फोटो लावलाय. म्हणाला, "काका, आई गावाला यायचं म्हणतीय, रविवारी. आसाराम तात्यांना भेटायचं, त्यांच्या तोंडून ऐकायचं, आणि जिथं वडील उभे होते ती जागा नातवंडांना दाखवायची. तुम्ही गावात थांबाल ना?"

थांबेन म्हणलं मी. म्हणजे गावात नाही, इथं, पारनेरच्या स्टँडवर. नगरची गाडी दहाला येते, धामणगव्हाणची अकराला सुटते. मधल्या तासात सांगायला पाहिजे. आसारामचं, खड्ड्यांचं. आणि एवढं सांगतोय तर मातीतनं आलेल्या त्या आवाजाचं पण सांगायला पाहिजे, नाही का? का ते राहू द्यायचं? — नका, तुम्ही काही बोलू नका, तुमचं ते काम नाही. एकोणीस मोजून घेतले ना? ऊन लागू देऊ नका त्यांना. चहा आता येत नाही म्हणायचा. निघा तुम्ही, पुण्याची गाडी लागली असेल. दार ओढून घ्या जाताना, मी बसतो जरा.